बाण आधीच पोहोचलेला असतो

भाची खेळत असताना मी तिच्या उजव्या खांद्यामागे, जरा तिरका बसतो. तिथून पट दिसतो, दोन्ही घड्याळं दिसतात आणि पडद्यावर फिरणारा माऊसचा बाणही दिसतो. पहिले दोन दिवस मी पटच बघत होतो. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की बघायचा आहे तो बाण. समोरच्याने चाल केलेली नसते, त्याचं घड्याळ अजून पळत असतं, आणि हिचा बाण स्वतःच्या कुठल्या तरी मोहऱ्यावर जाऊन थांबलेला असतो. घोड्यावर थांबला की घोडा हलणार, कडेच्या प्याद्यावर थांबला की ते प्यादं पुढे सरकणार. मी मनातल्या मनात ओळखायला लागलो आणि बहुतेक वेळा बरोबर निघालो. समोरच्याने काय खेळायचं ते अजून ठरायचं होतं. हिचं उत्तर ठरून गेलेलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत ती पुण्याहून सांगलीला आली, तेव्हा लॅपटॉप आणि एक मागणी घेऊन आली. "मामा, माझं रेटिंग तीन महिने हललेलं नाही. तू माझे डाव बघ." इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लीचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर तीन मिनिटांचा ब्लिट्झ खेळते. तिथे सगळ्यांना सुरुवातीला १५०० रेटिंग मिळतं. ती हरत हरत १३५० पर्यंत उतरली, मग आठ महिन्यांत चढून १७८० च्या आसपास आली आणि तिथे अडकली. कधी १८१०, कधी १७५०, परत तिथेच.

सांगलीत वाढलेल्या माणसाला बुद्धिबळ वेगळं शिकवावं लागत नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांनी वाढवलेलं नूतन बुद्धिबळ मंडळ या गावाला पिढ्यान्‌पिढ्या खेळवत आलं आहे आणि महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे याच गावच्या. आमच्या लहानपणी पाच मिनिटांचे डाव लाकडी खोक्यातल्या दोन तबकड्यांच्या घड्याळावर व्हायचे. काटा बाराच्या जवळ आला की लाल झेंडी हळूहळू वर उचलली जायची आणि वेळ संपली की टपकन पडायची. शेवटच्या मिनिटात नेमके किती सेकंद उरलेत ते कुणालाच कळायचं नाही, झेंडीच्या तिरकेपणावरून अंदाज करायचा. त्या घड्याळाची एक गोष्ट मात्र आज मला फार मोलाची वाटते. समोरच्याने चाल करून बटण दाबल्याशिवाय तुमचा हात पटावर जाऊ शकत नव्हता. तो अर्धा सेकंद सक्तीचा होता, आणि त्या अर्ध्या सेकंदात डोळे आपोआप त्याच्या मोहऱ्याकडे जायचे.

पडद्यावर ती सक्ती नाही. तिथे प्रीमूव्ह नावाची सोय आहे: समोरच्याची चाल व्हायच्या आधीच आपली चाल लावून ठेवायची. त्याची चाल झाली की आपली त्याच क्षणी, एकही सेकंद न जाता, खेळली जाते. लीचेसवर अशी एका वेळी एकच चाल लावता येते. वेळेच्या ओढाताणीत हे मोठं हत्यार आहे आणि मी त्याच्या विरोधात नाही. भाचीच्या खेळात मात्र ते हत्यार शेवटच्या दहा सेकंदांपुरतं राहिलेलं नव्हतं. तिचं सगळं मनच प्रीमूव्हच्या पद्धतीने चालायला लागलं होतं.

तिच्या चांगल्या गोष्टी आधी सांगितल्या पाहिजेत, कारण त्या खरोखर चांगल्या आहेत. पांढऱ्या मोहऱ्यांनी ती लंडन पद्धत खेळते: डी ४, उंट एफ ४, मग ई ३ आणि सी ३ चा छोटा तट. मार्च-एप्रिलच्या डावांत काळ्याने वजीर बी ६ वर आणून बी २ च्या प्याद्यावर रोख धरला की ती गोंधळायची, कधी प्यादं देऊन टाकायची, कधी भलताच बचाव करायची. जूननंतरच्या डावांत ती सरळ आपला वजीर बी ३ वर उभा करते आणि म्हणते, घे बदलून. कुणी शिकवलं नव्हतं. चार-पाच वेळा मार खाऊन, प्रत्येक डावानंतर बुद्धिबळाच्या इंजिनचं विश्लेषण उघडून तिने ते स्वतः शोधलं. प्रगती म्हणतात ती हीच. रेटिंगचा आलेख ती नंतर दाखवतो.

आणि हल्ला तिला दिसतो. ऑक्टोबरमधला एक डाव मी तीनदा पाहिला. तिचं ई ५ वरचं प्यादं पुढे आलेलं, त्यामुळे काळ्याचा एफ ६ वरचा घोडा हुसकला गेलेला, काळ्याने छोट्या बाजूला किल्लेकोट केलेला. तिथे ती थांबली. तीन मिनिटांच्या डावात पुरे २६ सेकंद. मग तिने डी ३ वरचा उंट एच ७ च्या प्याद्यावर टाकला आणि शह दिला. राजाने उंट खाल्ला, घोडा जी ५ वर शह देत आला, राजा मागे गेला, वजीर एच ५ वर उतरला आणि काळ्याचं घर मोडून पडलं. हा बळी जुना आहे, पुस्तकांत शेकडो वेळा छापलेला. म्हणून मी तिला विचारलं, २६ सेकंद कशाला लागले? तर म्हणाली, "राजा मागे जाण्याऐवजी जी ६ वर पुढे आला तर काय, ते बघत होते." मला फार आनंद झाला. त्या हल्ल्यात विचारायचा प्रश्न तोच असतो, आणि तिने तो विचारला होता.

अवघड जागी ती समोरच्याचा विचार करते, हे या डावाने दाखवलं. मग हरते कुठे?

मी शंभर डाव काढले, तिने हरलेले किंवा जिंकता जिंकता बरोबरीत सोडलेले. लीचेसवर प्रत्येक चालीला किती वेळ लागला ते दिसतं. वहीत दोन रकाने केले: कितवी चाल बिघडली, आणि त्या चालीला तिने किती सेकंद दिले. माझा अंदाज असा होता, की वेळ संपत आल्यावर घाईने खेळलेल्या चाली जास्त निघतील. तशा निघाल्या, पण जास्त नाही. घड्याळात दीड-दोन मिनिटं शिल्लक असताना, एका सेकंदाच्या आत खेळलेल्या चाली वहीत भरत गेल्या. बिघाड अवघड जागी नव्हताच. तो ओळखीच्या जागी होता.

एक जागा तर परत परत. काळ्या मोहऱ्यांनी ती कारो-कान खेळते. ई ४ ला सी ६, डी ४ ला डी ५, ई ५ ला उंट एफ ५. यानंतर तिची ठरलेली चाल ई ६ आहे आणि पांढऱ्याच्या बहुतेक चालींवर ती बरोबरही आहे. पण पांढऱ्याने या ठिकाणी एच ४ खेळलं, म्हणजे कडेचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं, तर ई ६ चुकतं. मग जी ४ येतं, उंट ई ४ वर पळतो, एफ ३ येतं, उंट जी ६ वर येतो, आणि एच ५ येऊन उंट कोंडला जातो. फार तर मरता मरता एक प्यादं मिळतं. उपाय सोपा आहे: एच ४ ला आपणही एच ५ खेळावं, किंवा एच ६ करून उंटाला एच ७ चं घर ठेवावं. हे तिला माहीत नव्हतं का? माहीत होतं. मी विचारल्यावर तिने मला उंट कसा अडकतो ते अख्खं मांडून दाखवलं. आणि तरीही त्या शंभरांत सहा डाव याच सापळ्यात गेलेले होते. सहाही वेळा ई ६ ला लागलेला वेळ एका सेकंदाहून कमी.

इथे मला डच मानसशास्त्रज्ञ आड्रियान डी ग्रूट आठवला. तो स्वतःही चांगला खेळाडू होता. चालू डावातली मांडणी काही सेकंद दाखवून ती झाकायची आणि मग आठवून मांडायला सांगायची, असे प्रयोग त्याने केले. उत्तम खेळाडू जवळजवळ सगळा पट परत मांडायचे. पुढे १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी मोहरी वाटेल तशी विखरून तोच प्रयोग केला, तेव्हा उत्तम खेळाडूंची ही आघाडी जवळपास नाहीशी झाली. अर्थ असा, की मुरलेला खेळाडू एकेक मोहरं बघत नाही. तो ओळखीचे पुंजके बघतो, गर्दीत आपण ओळखीचा चेहरा बघतो तसे. वेगवान बुद्धिबळ उभं आहे ते या ओळखीवर. तीन मिनिटांत चाळीस चाली करायच्या तर एकेकीला साडेचार सेकंद मिळतात. प्रत्येक वेळी पट नव्याने वाचत बसलं तर विसाव्या चालीलाच वेळ संपेल.

पण ओळखीच्या चेहऱ्याकडे आपण नीट बघत नाही, हेही तितकंच खरं. घरातल्या माणसाने मिशी काढली तर दोन दिवस कुणाच्या लक्षात येत नाही. एच २ वरचं प्यादं एच ४ वर गेलं, बाकी सगळं तसंच, आणि हिच्या डोळ्यांना चेहरा तोच दिसला. आठ महिन्यांत तिने जे कमावलं तेच आता तिला अडवत होतं. १३५० ला असताना तिला काहीच ओळखीचं नव्हतं, म्हणून ती बघायची. आता ती बघत नाही, ओळखते.

हे मी तिला तोंडाने सांगून पटलं नसतं. पटलं ते भाऊबीजेच्या आदल्या रात्रीच्या एका डावाने. मी मागे बसलेलो होतो.

प्याद्याचा वजीर झालेला. काळ्याकडे एकटा राजा, सी ८ वर. तिचा राजा एफ ३ ला, वजीर नुकताच ई ७ वर आलेला. तिच्या घड्याळात सहा सेकंद. एकटा राजा मात करू शकत नाही, म्हणून तिची वेळ संपली असती तरी डाव बरोबरीतच सुटला असता. हरण्याची भीती नव्हतीच, फक्त जिंकायचं होतं. वजिराने राजाला कोपऱ्याकडे रेटण्याची एक रीत आहे: वजीर राजापासून घोड्याच्या अडीच घरांवर ठेवायचा आणि राजा ज्या दिशेने सरकेल त्याच दिशेने आपण एक घर सरकायचं. ती रीत तिच्या बोटांत बसलेली. राजा बी ८ वर गेला, त्याला दुसरी जागाच नव्हती. तिचा वजीर डी ७ वर, प्रीमूव्हने. राजा ए ८ वर गेला, इथेही त्याला तेवढंच एक घर होतं. वजीर सी ७ वर, पुन्हा प्रीमूव्हने.

आणि पट थांबला. कोपऱ्यातल्या राजाला शह नाही, आणि ए ७, बी ७, बी ८ या तिन्ही घरांवर वजिराचा जोर. हलायला जागा नाही. बरोबरी.

घड्याळात अजून पाच सेकंदांहून जास्त होते. ती पडद्याकडे बघत राहिली. वजीर डी ७ वर तसाच ठेवला असता तर काळा राजा ए ८ आणि बी ८ या दोन घरांत येरझारा घालत बसला असता. आपला राजा ई ४, डी ५, सी ६ असा तिरका चालत आला असता आणि वजीर बी ७ वर जाऊन मात. चार चाली. प्रीमूव्ह लावूनच केल्या असत्या तरी दोन सेकंद लागले नसते. राजा कोपऱ्यात गेला की पाठलाग थांबवायचा, हा त्या रीतीचाच शेवटचा भाग आहे. हात मात्र सरकत राहिला, कारण आधीच्या दोन चालींत सरकणं बरोबर होतं.

"मामा, मी बघितलंच नाही," ती म्हणाली. ती दुःखाने बोलली, आणि मला वाटतं त्या एका वाक्यात तिचे तीन अडलेले महिने होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही एकच गोष्ट ठरवली. समोरच्याची चाल पडद्यावर दिसेपर्यंत उजवा हात माऊसवर ठेवायचा नाही, मांडीवर ठेवायचा. चाल दिसली, ते मोहरं आता काय धरतंय आणि काय सोडून आलंय हे डोळ्यांनी टिपलं, की हात उचलायचा. आणि काही दिवस तीन मिनिटांऐवजी तीन अधिक दोन खेळायचं, म्हणजे प्रत्येक चालीला दोन सेकंद वाढून मिळतात. चाळीस चालींच्या हिशेबाने १८० सेकंदांचे २६० होतात. चालीगणिक वेळ वाढवून देणारं घड्याळ बॉबी फिशरने सुचवलं आणि १९९२ च्या स्पास्कीविरुद्धच्या सामन्यात ते वापरलं गेलं. जिंकत आलेला डाव केवळ काट्यामुळे जाऊ नये, हा त्यामागचा विचार मला अगदी न्याय्य वाटतो.

पहिल्या संध्याकाळी ती बारा डावांपैकी सात हरली, त्यातले पाच वेळ संपून. चिडली. "असं खेळले तर मी वेळेवरच मरते." मी म्हटलं, "मर. पण बघून मर." मला तिच्या हरलेल्या डावांची यादी बदललेली हवी होती, आणि ती बदलली. त्या पाच डावांत फुकट गेलेलं मोहरं एकही नव्हतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी हाताला सवय झाली. मांडीवरून माऊसपर्यंत जायला लागतो अर्धा सेकंद. तोच माझ्या लहानपणीच्या लाकडी घड्याळाचा सक्तीचा अर्धा सेकंद.

याखेरीज सुधारायचं बरंच आहे. हत्ती-प्याद्यांचे शेवट तिला येत नाहीत. हत्ती राजाच्या मागे लपवून ठेवते, पुढे काढत नाही. रोज एक शेवट, इंजिन बंद ठेवून, लाकडी पटावर, एवढं तिला दिलंय. आणि रात्रीचं खेळणं. तिचे वाईट डाव एकेकटे येत नाहीत. रात्री अकरानंतर एक हरली की 'पुन्हा खेळा' चं बटण समोरच असतं, आणि हरलेल्या माणसाला ते दाबावंसं वाटतंच. सप्टेंबरमधल्या एका रात्री ती ओळीने तेरा डाव खेळली आणि बरेच गुण घालवून झोपली. ते १३ डाव मी बघितले. पहिल्या दोनांत बुद्धिबळ होतं, नंतरच्यांत नुसता राग होता. दोन डाव लागोपाठ हरलं की लॅपटॉप बंद, हा नियम तिने स्वतः वहीत लिहिला. तो पाळणं तिच्या हातात आहे.

वेगवान खेळाने खरा खेळ बिघडतो, असं आमच्या पिढीतले पुष्कळ जण मानतात. मला ते पटत नाही. विश्वनाथन आनंद तरुणपणी विजेच्या वेगाने खेळायचा, त्याच्या झटपट चालींनीच तो आधी ओळखला गेला, आणि २०१७ साली, चाळिशी उलटल्यावर, जगज्जेतेपद पुन्हा जिंकलं तेही रॅपिडचं, म्हणजे जलद प्रकाराचं. त्रिशूरचा निहाल सरीन ऑनलाइन ब्लिट्झमध्ये वाढला आणि ग्रँडमास्टर झाला. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषकाची अंतिम लढत कोनेरू हम्पीविरुद्ध जिंकली. पारंपरिक वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटल्यावर ती लढत रॅपिडवर गेली होती, आणि समोर रॅपिडची विद्यमान जगज्जेती होती. पहिला रॅपिड डाव बरोबरीत गेला. दुसऱ्यात काळी मोहरी घेऊन एकोणीस वर्षांची दिव्या जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली. कमी वेळात डोकं शाबूत ठेवणं हे आज बुद्धिबळाचं अंगच आहे. भाचीने तो सामना हॉस्टेलवर पाहिला होता. मी तिला तो परत बघायला सांगितला, पण या वेळी चाली न बघता, समोरच्याची चाल झाल्यावर दिव्याचे डोळे कुठे जातात ते.

परतायच्या आदल्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर ती एक डाव खेळली. काळी मोहरी. ई ४, सी ६. डी ४, डी ५. ई ५, उंट एफ ५. समोरच्याने दहा-बारा सेकंद घेतले. मी सवयीने बाण शोधला. तो ई ७ च्या प्याद्याजवळ कुठेच नव्हता, पटाच्या बाहेर, घड्याळाच्या खाली पडलेला होता. हात मांडीवर.

एच ४ आलं.

ती हसली नाही, माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. साधारण दोन सेकंद गेले. मग हात वर आला, बाण कडेच्या प्याद्यावर गेला आणि एच ५ पडलं. समोरच्याने लगेच उंट डी ३ वर आणला, आणि तोवर तिचा हात परत मांडीवर गेलेला होता.